खेळाडूंच्या अदलाबदलीचे मूल्यमापन : एक ऐतिहासिक अभ्यास (विशेष संदर्भ : इंडियन प्रीमियर लीग व विदर्भ)

सारांश

व्यावसायिक क्रीडास्पर्धांमध्ये एका संघाने आपला खेळाडू देऊन दुसऱ्या संघाचा खेळाडू घेणे, ही प्रथा भारतात इंडियन प्रीमियर लीगच्या दुसऱ्या हंगामापासून, म्हणजे २००९ पासून रुजली. अशा अदलाबदलीत 'कोण जिंकले व कोण हरले' याची चर्चा बहुधा नंतरच्या धावा व बळी मोजून केली जाते. प्रस्तुत निबंधात या पद्धतीची मर्यादा दाखविली आहे. जेथे काही खेळाडू पुढील हंगामासाठी कायम राखता येतात, तेथे अदलाबदलीचे मोल हे खेळाडूचे वय, त्याची किंमत, त्याला राखण्याची मुदत व मागे राहिलेली रिकामी जागा यांवर ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे. विदर्भाच्या क्रिकेटमधील आगमन-निर्गमनाची उदाहरणे घेऊन हे निकष तपासले आहेत.

बीजसंज्ञा : अदलाबदल, कायम राखलेले खेळाडू, लिलाव, फँटसी लीग, विदर्भ क्रिकेट, संमती.

१. प्रस्तावना

वऱ्हाडच्या क्रीडाजीवनाला दीर्घ परंपरा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ मध्ये झाली आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. त्याच सुमारास, १९३५ मध्ये, अमरावती-नागपूर मार्गावरील मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. त्यांच्या ग्रामोन्नतीच्या विचारात गावाचे आरोग्य व तरुणांचा व्यायाम यांना स्थान होते. या दोन्ही केंद्रांच्या प्रभावक्षेत्रातील आखाड्यात आणि कबड्डीच्या मैदानावर खेळाडू हा त्या गावाचा किंवा त्या तालमीचा मानला जाई. पहिलवानाला इनाम मिळे, फेटा बांधला जाई. परंतु एका गावाने आपला गडी दुसऱ्या गावाला देऊन बदल्यात दुसरा घ्यावा, ही कल्पना त्या जगात संभवत नव्हती.

याच अमरावतीत १९९३ मध्ये जन्मलेले यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा यांना नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दाह येथील लिलावात बेंगळुरूच्या संघाने ११ कोटी रुपयांना घेतले. तीन हंगामांपूर्वी पंजाबच्या संघाने त्यांच्यासाठी केवळ २० लाख रुपये मोजले होते. शतकाहून कमी काळात 'गावाचा गडी' ते 'लिलावातील बोली' हा जो प्रवास झाला, त्यात खेळाडूचे मोल ठरविण्याची एक नवी भाषा निर्माण झाली. ही भाषा ज्यांना अवगत आहे ते संघ टिकले. ज्यांनी केवळ नाव व कीर्ती पाहून व्यवहार केले त्यांना किंमत मोजावी लागली. म्हणून या भाषेचा इतिहास अभ्यासणे अगत्याचे ठरते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) खेळाडू राखून ठेवण्याच्या हक्काचा उगम शोधणे, (आ) अदलाबदलीच्या मूल्यमापनाचे निकष निश्चित करणे, (इ) त्या निकषांवर २००९ ते २०२३ या काळातील चार प्रमुख अदलाबदली तपासणे, (ई) विदर्भासारख्या प्रदेशाच्या दृष्टीने खेळाडूंच्या ये-जा करण्याचा अर्थ लावणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. इतिहासलेखनातील एक जुने पथ्य येथे पाळले आहे. भूतकाळातील निर्णयाची पारख करताना निर्णय घेणाऱ्याला त्या दिवशी जे ठाऊक होते तेवढेच जमेस धरावे. पुढे जे घडले त्याच्या प्रकाशात त्याला शहाणा किंवा मूर्ख ठरवू नये.

३. राखून ठेवण्याच्या हक्काचा उगम

खेळाडू 'राखून ठेवण्याची' कल्पना क्रिकेटची नसून बेसबॉलची आहे. अमेरिकेतील नॅशनल लीगच्या संघमालकांनी १८७९ मध्ये आपसांत असा करार केला की, प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवावेत व त्यांना इतर संघांनी हात लावू नये. पुढे ही संख्या वाढत गेली आणि जवळजवळ प्रत्येक खेळाडू आपल्या संघाशी कायमचा बांधला गेला. मालकाला मात्र त्याला विकण्याचा वा बदलण्याचा अधिकार राहिला. बोस्टनच्या संघाने १९१९ च्या अखेरीस बेब रूथ यांना १ लाख डॉलरला न्यूयॉर्कच्या संघाकडे दिले, ते याच व्यवस्थेत. त्यानंतर बोस्टनला अजिंक्यपदासाठी २००४ पर्यंत वाट पाहावी लागली.

मूल्यमापनाच्या दृष्टीने याहून बोधप्रद उदाहरण १९६४ चे आहे. शिकागोच्या संघाने सहा खेळाडूंच्या अदलाबदलीत मुख्यतः लू ब्रॉक हा तरुण खेळाडू सेंट लुईसला देऊन एर्नी ब्रॉग्लिओ हा गोलंदाज घेतला. ब्रॉग्लिओने आदल्या वर्षी १८ सामने जिंकून दिले होते. त्यामुळे शिकागोचे पारडे जड आहे असा तत्कालीन समज होता. प्रत्यक्षात ब्रॉग्लिओने शिकागोसाठी एकूण ७ सामने जिंकले, तर ब्रॉक पुढे बेसबॉलच्या कीर्तिमंदिरात जाऊन बसला. आज ही अदलाबदल मूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. त्या दिवशीच्या माहितीवर मात्र तो निर्णय तितका अविचारी नव्हता. फलित आणि निर्णय यांत गल्लत केली की असे होते.

या व्यवस्थेतूनच एका खेळाचा जन्म झाला. १९८० मध्ये डॅनिएल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी न्यूयॉर्कमध्ये कागदावरच्या संघांची एक स्पर्धा सुरू केली. प्रत्येक सहभागीने २६० डॉलरच्या मर्यादेत २३ प्रत्यक्ष खेळाडू बोली लावून घ्यायचे आणि त्यांच्या मैदानावरील कामगिरीवरून गुण मोजायचे, असे तिचे स्वरूप होते. हीच पुढे फँटसी लीग म्हणून जगभर पसरली. तिच्या एका प्रकारात काही खेळाडू जुन्याच किमतीला पुढील वर्षी कायम राखता येतात. येथे प्रत्येक अदलाबदलीत एक पेच असतो : आजचा तयार खेळाडू घ्यावा की उद्या मोठा होणारा स्वस्त खेळाडू राखावा? भारतात २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ड्रीम ११ ने हा खेळ घरोघरी नेला. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगविषयक कायदा झाल्यावर पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या स्पर्धा तेथे बंद झाल्या. त्या एकदिवसीय स्वरूपाच्या खेळात संघ दररोज नव्याने बांधला जाई. म्हणून 'राखण्याचा' प्रश्न तेथे फारसा उद्भवत नसे. तो प्रश्न भारतात खऱ्या अर्थाने उभा राहिला तो इंडियन प्रीमियर लीगच्या संघमालकांपुढे.

४. भारतीय व्यवस्थेची घडण

इंडियन प्रीमियर लीगचा पहिला लिलाव २० फेब्रुवारी २००८ रोजी मुंबईत झाला. सचिन तेंडुलकर, राहुल द्रविड, सौरव गांगुली, वीरेंद्र सेहवाग व युवराज सिंग यांना 'आयकॉन' म्हणून आपापल्या शहरांशी जोडण्यात आले होते. लिलावातील सर्वाधिक, म्हणजे १५ लाख डॉलरची बोली महेंद्रसिंह धोनी यांच्यावर लागली. २००९ पासून संघांना आपसांत खेळाडू बदलण्याची मुभा मिळाली. २०११ च्या मोठ्या लिलावापूर्वी प्रत्येक संघाला जास्तीत जास्त चार खेळाडू कायम राखता आले. २०१४ मध्ये ही मर्यादा पाच झाली, २०२२ मध्ये जुन्या संघांसाठी पुन्हा चार, तर २०२५ च्या हंगामासाठी सहा झाली. प्रत्येक राखलेल्या खेळाडूची ठरावीक रक्कम संघाच्या एकूण निधीतून वजा होते.

या व्यवस्थेचे मर्म असे की, दर तीन-चार वर्षांनी मोठा लिलाव होतो व त्या वेळी बहुतेक खेळाडूंवरील संघाचा हक्क संपतो. अदलाबदलीतून मिळालेला खेळाडू म्हणजे मालकीची जमीन नव्हे, तर ठरावीक मुदतीच्या खंडाने घेतलेले शेत होय. खंडाची मुदत किती उरली आहे, हे न पाहता जो शेतात विहीर खोदतो त्याचा खर्च वाया जातो.

५. मूल्यमापनाचे निकष

वरील विवेचनावरून अदलाबदलीच्या पारखीचे पाच निकष निश्चित करता येतात.

पहिला, मुदत. मोठ्या लिलावाला किती हंगाम उरले आहेत, यावर तरुण खेळाडूचे मोल अवलंबून असते. तो चार वर्षांनी मोठा होणार असेल आणि हक्क दोन वर्षांत संपणार असेल, तर त्याच्या मोठेपणाचा लाभ दुसऱ्यालाच होण्याचा संभव अधिक.

दुसरा, वय. वऱ्हाडातील बैलबाजारात गिऱ्हाईक प्रथम जनावराचे दात पाहते; दोन दाती की चार दाती, यावर पुढील किती हंगाम ते औत ओढील याचा अंदाज बांधते. माणसाच्या बाबतीत ही तुलना रुचणारी नाही, तथापि संघमालकाची नजर तीच असते. वेगवान गोलंदाजाची तिशी व फलंदाजाची तिशी यांत मात्र भेद करावा लागतो.

तिसरा, किंमत व मोल यांतील अंतर. खेळाडू किती चांगला आहे, एवढेच पुरेसे नाही. तो जेवढ्यास पडतो त्याहून किती अधिक देतो, हे महत्त्वाचे. जितेश शर्मा यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. २०१६ च्या लिलावात मुंबईने त्यांना १० लाख रुपयांना घेतले, परंतु त्यांना एकही सामना खेळण्यास मिळाला नाही. २०२२ मध्ये २० लाखांच्या बोलीवर पंजाबकडे गेल्यावर त्यांनी तीन हंगामांत अनुक्रमे २३४, ३०९ व १८७, म्हणजे एकूण ७३० धावा केल्या. पंजाबच्या दृष्टीने हा अत्यंत लाभाचा व्यवहार होता. ११ कोटींना हा खेळाडू 'स्वस्त' राहिला नाही. तरीही बेंगळुरूला त्याची गरज होती आणि २७ मे २०२५ रोजी लखनौ येथे ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा करून त्यांनी ती रक्कम सार्थ ठरविली. त्याच हंगामात बेंगळुरूने पहिले अजिंक्यपद मिळविले.

चौथा, रिकामी झालेली जागा. दिलेल्या खेळाडूच्या जागी कोण उभा राहणार, याचा विचार न करता केलेली तुलना अपुरी असते.

पाचवा, जोखीम. दुखापत, वाढते वय, नव्या संघातील वातावरण या गोष्टींना किंमत असते. प्रो कबड्डी लीगमध्ये २०२२ च्या लिलावात पवन सेहरावत यांना तमिळ थलायवाज संघाने २ कोटी २६ लाखांना घेतले; पहिल्याच सामन्यात त्यांना दुखापत झाली व तो हंगाम त्यांना मुकावा लागला. यात निर्णयाची चूक नव्हती. परंतु एका खेळाडूवर सारी मदार ठेवण्याची जोखीम मात्र उघड झाली.

६. चार अदलाबदलींचा अभ्यास

६.१ झहीर खान व रॉबिन उथप्पा (२००९)

लीगच्या इतिहासातील ही सुरुवातीची ठळक अदलाबदल होय. श्रीरामपूरचे झहीर खान बेंगळुरूकडून मुंबईकडे आले व उथप्पा मुंबईकडून बेंगळुरूकडे गेले. २००८ च्या लिलावात झहीर यांची बोली साडेचार लाख डॉलर, तर उथप्पा यांची आठ लाख डॉलर होती. त्या वेळी झहीर तिशीत पोहोचले होते, उथप्पा अवघे २३ वर्षांचे होते. केवळ वय व बोली पाहता बेंगळुरूचे पारडे जड दिसते. परंतु मुंबईला नव्या चेंडूचा अनुभवी गोलंदाज हवा होता आणि बेंगळुरूला मधल्या फळीत वेगाने धावा करणारा फलंदाज.

पुढील दोन हंगामांत दोघांनीही आपापली गरज भागविली. २०१० मध्ये उथप्पा यांनी ३७४ धावा केल्या. त्याच वर्षी मुंबई अंतिम सामन्यात पोहोचली. बेंगळुरू २००९ मध्ये उपविजेता ठरला होता. खरी मेख पुढे आहे. २०११ च्या लिलावापूर्वी मुंबईने तेंडुलकर, हरभजन सिंग, मलिंगा व पोलार्ड या चौघांना राखले, बेंगळुरूने फक्त विराट कोहली यांना. म्हणजे अदलाबदल झालेल्या दोघांपैकी एकालाही नव्या संघाने राखले नाही. उथप्पा २१ लाख डॉलरला पुण्याकडे गेले आणि झहीर ९ लाख डॉलरला पुन्हा बेंगळुरूकडे परतले. उथप्पा यांचे वाढलेले मोल बेंगळुरूच्या पदरात पडले नाही. तारुण्याचे मोल मुदतीबाहेर गेले की त्याचा उपयोग नाही, हा पहिला निकष येथे सिद्ध होतो.

६.२ शिखर धवन व तीन खेळाडू (२०१८)

नोव्हेंबर २०१८ मध्ये हैदराबादने धवन यांना दिल्लीकडे देऊन विजय शंकर, शाहबाज नदीम व अभिषेक शर्मा हे तिघे घेतले. धवन यांची किंमत ५ कोटी २० लाख होती. विजय शंकर व नदीम यांची प्रत्येकी ३ कोटी २० लाख आणि अभिषेक यांची ५५ लाख मिळून ६ कोटी ९५ लाख होत. फरकाचे १ कोटी ७५ लाख हैदराबादने रोख दिले. धवन तेव्हा ३३ च्या उंबरठ्यावर होते, अभिषेक १८ वर्षांचे.

हा 'आज विरुद्ध उद्या' या पेचाचा शुद्ध नमुना आहे. धवन यांनी दिल्लीसाठी २०१९ मध्ये ५२१, २०२० मध्ये ६१८ व २०२१ मध्ये ५८७ धावा केल्या. या तीन वर्षांत दिल्ली अनुक्रमे तिसरी, उपविजेती व पुन्हा तिसरी आली. दिल्लीने हक्काची उरलेली तीनही वर्षे पुरेपूर वापरली. २०२२ मध्ये धवन ८ कोटी २५ लाखांना पंजाबकडे गेले.

हैदराबादच्या बाजूने पाहता अभिषेक यांनी २०२२ मध्ये ४२६ व २०२४ मध्ये ४८४ धावा केल्या आणि २०२५ साठी त्यांना १४ कोटींना राखण्यात आले. यावरून अनेकदा 'शेवटी हैदराबादच जिंकले' असा निष्कर्ष काढला जातो. तो तपासून घ्यावा लागतो. २०१८ च्या अदलाबदलीतून मिळालेला हक्क २०२१ च्या अखेरीस संपला होता. अभिषेक यांना २०२२ च्या लिलावात हैदराबादने साडेसहा कोटी मोजून पुन्हा विकत घेतले. तेव्हा पुढील यशाचे श्रेय अदलाबदलीपेक्षा त्या दुसऱ्या निर्णयाला अधिक जाते. अर्थात तीन वर्षे जवळून पाहिल्यामुळेच त्यांच्यावर बोली लावण्याचा विश्वास संघाला आला असावा, हा अदलाबदलीचा अप्रत्यक्ष लाभ मानता येईल. ही माहिती किमतीच्या तक्त्यात दिसत नाही. तरी तिला मोल असते.

६.३ अजिंक्य रहाणे, राहुल तेवतिया व मयंक मार्कंडे (२०१९)

नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईकर रहाणे राजस्थानकडून दिल्लीकडे आले व बदल्यात तेवतिया आणि मार्कंडे राजस्थानला मिळाले. कीर्तीच्या तराजूत ही अदलाबदल एकतर्फी होती. २०२० च्या हंगामात रहाणे यांनी ९ सामन्यांत ११३ धावा केल्या, तर तेवतिया यांनी २७ सप्टेंबर २०२० रोजी शारजा येथे पंजाबविरुद्ध एका षटकात पाच षटकार मारून हरलेला सामना फिरविला.

धावा मोजून निवाडा केल्यास राजस्थानचे पारडे जड ठरते. पण ११३ पैकी ६० धावा रहाणे यांनी २ नोव्हेंबर रोजी बेंगळुरूविरुद्ध, संघाला बाद फेरीत जागा हवी असताना केल्या आणि दिल्ली त्या वर्षी अंतिम सामन्यात पोहोचली. राजस्थान तळाशी राहिले. पुढे २०२३ मध्ये हेच रहाणे ५० लाखांच्या पायाभूत किमतीला चेन्नईकडे गेले व १७२ च्या गतीने ३२६ धावा करून विजेत्या संघाचे घटक ठरले. खेळाडूचे मोल हे त्याच्या अंगभूत गुणाइतकेच त्याला दिलेल्या कामावर अवलंबून असते, हे यावरून दिसते.

६.४ हार्दिक पांड्या (२०२३)

नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईने हार्दिक पांड्या यांना गुजरातकडून १५ कोटींच्या किमतीला रोख व्यवहारात परत आणले आणि निधी मोकळा करण्यासाठी साडेसतरा कोटींचे कॅमेरून ग्रीन बेंगळुरूला दिले. गुजरातला पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, विजेतेपद व २०२३ मध्ये उपविजेतेपद मिळवून देणारा कर्णधार यात हलला. १५ डिसेंबर २०२३ रोजी पाच विजेतेपदे मिळविणाऱ्या रोहित शर्मा यांच्याऐवजी पांड्या यांना मुंबईचे कर्णधार नेमण्यात आले. २०२४ मध्ये मुंबई १४ पैकी ४ सामने जिंकून तळाला, दहाव्या स्थानावर राहिली. प्रेक्षकांनी आपल्याच कर्णधाराची हुर्यो उडविल्याचे दृश्य वानखेडेवर दिसले.

२०२४ च्या अखेरीस कोणी हिशेब मांडला असता तर हा व्यवहार पूर्णतः फसला असे म्हटले असते. परंतु मुंबईने २०२५ साठी पांड्या यांना १६ कोटी ३५ लाखांना राखले आणि त्या वर्षी संघ दुसऱ्या पात्रता सामन्यापर्यंत गेला. २००९ च्या उदाहरणात जे घडले नाही ते येथे घडले : अदलाबदलीतून आलेला खेळाडू पुढील चक्रात नेला गेला. मात्र जोखमीच्या निकषावर मुंबईचा हिशेब चुकला होता. संघातील व प्रेक्षकांतील निष्ठेचे मोल तिने जमेस धरले नव्हते. गुजरातनेही रिकाम्या झालेल्या जागेची किंमत मोजली. २०२४ मध्ये तो संघ आठवा आला.

७. विदर्भाच्या दृष्टीने

विदर्भाच्या रणजी संघाला अशी अदलाबदल करता येत नाही. तेथे खेळाडू एका संघटनेकडून ना हरकत प्रमाणपत्र घेऊन दुसरीकडे जातो. तरीही ताळेबंदाच्या स्वरूपात पाहिल्यास आलेले व गेलेले असे दोन रकाने मांडता येतात.

आलेल्यांच्या रकान्यात प्रथम वसीम जाफर यांचे नाव येते. २०१५-१६ मध्ये मुंबई सोडून ते विदर्भाकडे आले तेव्हा त्यांचे वय ३७ होते. वयाच्या निकषावर हा व्यवहार प्रतिकूल होता. परंतु २०१७-१८ मध्ये प्रशिक्षक चंद्रकांत पंडित व कर्णधार फैज फजल यांच्या नेतृत्वाखाली विदर्भाने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूर येथे दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक जिंकला आणि पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्रावर मात करून तो राखला. त्या दुसऱ्या हंगामात जाफर यांनी १,०३७ धावा केल्या. २०२३-२४ मध्ये कर्नाटकातून आलेल्या करुण नायर यांनी २०२४-२५ च्या रणजी हंगामात ८६३ धावा केल्या. अंतिम सामन्यात त्यांच्या ८६ व १३५ धावा होत्या. विदर्भाने केरळविरुद्धच्या अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील आघाडीवर तिसरा करंडक मिळविला. त्यानंतर नायर कर्नाटकात परतले.

गेलेल्यांच्या रकान्यात आदित्य सरवटे आहेत. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन विदर्भाला करंडक राखून देणारा हा फिरकीपटू २०२४-२५ मध्ये केरळकडून खेळला आणि त्याच नागपुरात अंतिम सामन्यात विदर्भाविरुद्ध ७९ धावा करून गेला. २०२५-२६ च्या हंगामापूर्वी जितेश शर्मा बडोद्याकडे गेले. विदर्भात यष्टिरक्षणाची जागा कर्णधार अक्षय वाडकर यांच्याकडे होती, हे या निर्गमनाचे मूल्यमापन करताना ध्यानात घ्यावे लागते.

हे दोन रकाने समोरासमोर मांडून केवळ धावा व बळी यांची वजाबाकी केली, तर विदर्भ कधी लाभात तर कधी तोट्यात दिसेल. परंतु पाहुणा खेळाडू गेल्यावर मागे काय उरले, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. २०२४-२५ च्या करंडकात नायर यांचा वाटा मोठा असला तरी त्या हंगामात सर्वाधिक ९६० धावा यश राठोड यांनी केल्या, हर्ष दुबे यांनी ६९ बळी घेऊन एका रणजी हंगामातील बळींचा विक्रम मोडला आणि अंतिम सामन्यात दानिश मालेवार यांनी १५३ धावा केल्या. हे तिघेही विदर्भातच घडले. २०१७-१८ च्या अंतिम सामन्यातही त्रिक्रम साधणारे रजनीश गुरबानी व शतक करणारे वाडकर हे घरचेच होते. अनुभवी पाहुण्याच्या सावलीत घरचे खेळाडू उभे राहिले, म्हणून पाहुणा गेल्यावरही संघ टिकला. जाफर यांच्या आगमनाचे खरे मोल त्यांच्या स्वतःच्या धावांत जेवढे आहे, तेवढेच या वारशात आहे.

८. संमतीचा प्रश्न

अदलाबदलीच्या सर्व हिशेबात एक रकाना बहुधा कोरा राहतो, तो खेळाडूच्या इच्छेचा. ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईसच्या संघाने कर्ट फ्लड यांना न विचारता फिलाडेल्फियाला दिले. त्यांनी जाण्यास नकार देऊन न्यायालयात धाव घेतली. १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ते ५ विरुद्ध ३ मतांनी हरले, परंतु १९७५ मधील लवादाच्या निर्णयाने राखून ठेवण्याची ती शतकजुनी बेडी सैल झाली.

भारतात स्थिती थोडी भिन्न आहे. लीगच्या नियमांनुसार अदलाबदलीस खेळाडूची संमती लागते. तथापि स्वतःहून दुसऱ्या संघाशी बोलणी करण्याची मुभा त्याला नाही. राजस्थानशी करार न करता अन्य संघाशी वाटाघाटी केल्याबद्दल रवींद्र जडेजा यांना २०१० चा हंगाम निलंबनात घालवावा लागला. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, तेच जडेजा सॅम करन यांच्यासह चेन्नईकडून राजस्थानला गेले व बदल्यात संजू सॅमसन चेन्नईला मिळाले. त्या वेळी जडेजा ३७ च्या जवळ होते व त्यांची किंमत १८ कोटींवरून १४ कोटी झाली; ३१ वर्षांचे सॅमसन १८ कोटींना गेले. २०२५ ते २०२७ या चक्रातील दोन हंगाम तेव्हा शिल्लक होते. मुदत, वय व किंमत हे तीनही निकष या व्यवहारास एकही चेंडू टाकला जाण्यापूर्वीच लावता येतात. चेन्नईने सहा वर्षांचे तारुण्य घेतले, राजस्थानने एकाच्या जागी दोन उपयुक्त खेळाडू व १ कोटी ६० लाखांची बचत घेतली. मूल्यमापनाची शिस्त ती हीच.

९. निष्कर्ष

प्रस्तुत अभ्यासातून पुढील निष्कर्ष हाती येतात.

(१) अदलाबदलीचा निर्णय व तिचे फलित या दोन भिन्न बाबी आहेत. निर्णयाची पारख त्या दिवशीच्या माहितीवर करावी. १९६४ चे शिकागो व २०१९ चे दिल्ली ही दोन्ही उदाहरणे हेच सांगतात.

(२) जेथे खेळाडू मुदतीपुरताच राखता येतो तेथे तारुण्याचे मोल मुदतीने मर्यादित होते. २००९ मधील उथप्पा व २०१८ मधील अभिषेक शर्मा यांचे वाढीव मोल अदलाबदलीच्या मुदतीत न बसता पुढील लिलावात गेले.

(३) किंमत व मोल यांतील अंतर, रिकामी जागा आणि जोखीम हे निकष नुसत्या धावा-बळींच्या तुलनेपेक्षा अधिक विश्वसनीय आहेत. २०२३ च्या मुंबईच्या व्यवहारात निष्ठेची जोखीम दुर्लक्षिली गेली.

(४) विदर्भासारख्या प्रदेशाने आलेल्या व गेलेल्या खेळाडूंचा हिशेब मागे उरलेल्या खेळाडूंच्या रूपाने मांडावा. या मापाने जाफर व नायर यांचे आगमन लाभाचे ठरते. सरवटे व जितेश शर्मा यांच्या जाण्याने झालेली हानी किती, हे त्यांच्या जागी कोण उभा राहतो यावरून ठरेल.

(५) ज्याची अदलाबदल होते तो स्वतः या हिशेबाचा पक्षकार आहे. त्याची संमती हा सोपस्कार न राहता मूल्यमापनाचा निकष व्हावा.

आखाड्यातील वस्ताद आपल्या पठ्ठ्याची किंमत करीत नसे, पण त्याचे मोल पुरेपूर जाणत असे. किंमत बाजारात ठरते. मोल ओळखण्यासाठी सहवास व धीर लागतो. अमरावतीच्या मैदानावर घडणाऱ्या पुढील खेळाडूवर बोली लागेल तेव्हा त्याला घडविणाऱ्या संस्थांच्या पदरी काय उरते, हा प्रश्न क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकांनी व शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकांनी यापुढे अधिक गांभीर्याने हाती घेणे आवश्यक आहे.